ज्युरीला कोणता आकडा दिसतो?

अमेरिकेत इस्पितळाची पायरी चढलेल्या प्रत्येकाच्या घरी काही आठवड्यांनी एक कागद येतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘हे बिल नाही’. त्या कागदावर दोन आकडे असतात. पहिला इस्पितळाने लावलेला, म्हणजे छापील भाव. दुसरा इन्शुरन्स कंपनीने आपल्या करारानुसार मान्य केलेला. पहिला आकडा पाहून छातीत धस्स होते, दुसरा पाहून जीव भांड्यात पडतो, आणि कागद फायलीत जातो.

पण समजा, ही इजा दुसऱ्या कोणाच्या चुकीने झाली आहे. लाल दिवा तोडून आलेल्या गाडीने ठोकरले, आणि प्रकरण कोर्टात गेले. आता ज्युरीला या दोनपैकी कोणता आकडा सांगायचा? हा प्रश्न किरकोळ नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०११ साली एका बाईंचे प्रकरण आले. मांस पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ट्रकने त्यांना जखमी केले होते. उपचारांचे बिल झाले १,८९,९७८ डॉलर. इन्शुरन्सच्या करारामुळे प्रत्यक्षात दिले गेले ५९,६९१. मधले १,३०,२८७ डॉलर कोणीच दिले नाहीत, आणि कोणी द्यायचेही नव्हते. ज्युरीने मोठा आकडा मंजूर केला होता. न्यायालयाने सांगितले की भरपाई धाकट्या आकड्यापुरतीच मिळेल.

मी वकील नाही. संगणकाचा माणूस आहे, आणि आमच्या धंद्यातली एक गोष्ट मला इथे सारखी आठवते. प्रोग्रामला माहिती काय पुरवायची हे ज्याच्या हातात, निम्मे उत्तर त्याच्या हातात. ज्युरीचेही तसेच. म्हणून गेली चाळीस वर्षे अमेरिकेतली विधिमंडळे ‘ज्युरीला काय ऐकवायचे’ यावर कायदे करीत आहेत आणि लोक ते कायदे घटनेच्या कसोटीवर तपासून घेत आहेत. आपल्या मंडळींनी हे जाणून घ्यावे असे मला वाटते, कारण शेवटी यातून ठरते ते आपल्या घरात येणाऱ्या चेकचा आकार. विशिष्ट प्रकरणासाठी मात्र आपल्या राज्यातल्या वकिलालाच गाठावे. राज्याराज्यांत फरक आहे आणि कायदे बदलतही असतात.

आपल्याला ज्युरीची सवय नाही. ज्युरी म्हटले की मुंबईकराला एकोणीसशे एकोणसाठचा नानावटी खटला आठवतो, आणि तिथेच आपला ज्युरीशी संबंध संपतो. भारतात अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे न्यायाधीशाला सगळे आकडे दिसले तरी कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा हे त्याला ठाऊक असते. इथे निकाल देणारी माणसे तुमच्याआमच्यासारखी: कोणी शिक्षिका, कोणी सुतार, कोणी निवृत्त पोस्टमन. त्यांनी एखादी गोष्ट एकदा ऐकली की ती मनातून पुसता येत नाही. म्हणूनच काय ऐकू द्यायचे याचे नियम इथे इतके काटेकोर असतात.

यातला सर्वांत जुना नियम असा की जखमी माणसाला स्वतःच्या विम्यातून किंवा अन्य कुठून काही मिळाले असेल, तर ते ज्युरीला सांगायचे नाही आणि भरपाईतून वजाही करायचे नाही. याला ‘कोलॅटरल सोर्स रूल’ म्हणतात. त्याचे मूळ १८५४ सालच्या एका निकालात आहे. ‘मॉन्टिचेलो’ नावाच्या आगबोटीची एका शिडाच्या जहाजाला धडक बसली. त्या जहाजाच्या मालकाला विमा कंपनीने आधीच पैसे दिले होते. आगबोटवाले म्हणाले, याचे नुकसान तर भरून निघाले, आता आम्ही कशाला द्यायचे? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते मानले नाही. विम्याचे हप्ते भरले एकाने, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का म्हणून?

हा विचार आपल्याकडेही परका नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, म्हणजे आपल्या लाल डब्याची एस.टी., तिच्याविरुद्धच्या एका दाव्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली हेच सांगितले. मृताच्या आयुर्विम्याची रक्कम वारसांच्या भरपाईतून कापता येणार नाही. ती त्याने हप्ते भरून कमावलेली होती, अपघातामुळे आयती पदरात पडलेली नव्हती.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही चुकीचे नाही. कॅलिफोर्नियातले ते १ लाख ३० हजार डॉलर कोणाच्याच खिशातून गेले नाहीत. इस्पितळाचा छापील भाव बहुतेक वेळा वाटाघाटीसाठी चढवून ठेवलेला असतो, साडीच्या दुकानातल्या ‘सेल’पूर्वीच्या किमतीसारखा. त्या हवेतल्या आकड्यावर भरपाई मोजायची, मग त्याच आकड्याच्या आधारे दुखण्याची आणि मनस्तापाची रक्कमही वाढवून मागायची, आणि त्या सगळ्याचा भार शेवटी सर्वांच्या गाडीच्या विम्यावर पडायचा, अशी विमा कंपन्यांची आणि उद्योगांची तक्रार आहे.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दायित्वाच्या विम्याचे हप्ते भराभर वाढले, आणि राज्याराज्यांतून ‘टॉर्ट रिफॉर्म’ नावाची लाट आली. काही राज्यांनी भरपाईवर कमाल मर्यादा घातली. ती गोष्ट उघड असते. वर्तमानपत्रात येते, लोक भांडतात. दुसऱ्या काहींनी पुराव्याच्या नियमाला हात घातला. जखमी माणसाला विम्याचे किती मिळाले ते ज्युरीला सांगता येईल, एवढेच एक साधे दिसणारे वाक्य. ज्युरी काय करायचे ते आपसूक करील असा हिशेब.

जॉर्जियाने असा कायदा १९८७ साली केला. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जॉर्जियाच्या राज्यघटनेत म्हटले आहे की माणसाच्या जिवाचे आणि मालमत्तेचे रक्षण निःपक्षपाती आणि संपूर्ण असले पाहिजे, आणि हा कायदा त्यात बसत नाही असे न्यायालयाचे मत पडले. कॅन्ससने १९८८ साली जरा चमत्कारिक कायदा केला. दावा दीड लाख डॉलरच्या वर असेल तरच ज्युरीला विम्याची गोष्ट सांगायची. म्हणजे पाय मोडला तर गुपित, पाठीचा कणा मोडला तर जाहीर! १९९३ साली तिथल्या न्यायालयाने विचारले की जास्त जखमी झालेल्यांना वेगळे वागवण्याचे कारण काय? समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि समान संरक्षणाच्या तत्त्वावर तो कायदाही गेला. केंटकीचा कायदाही १९८८चा. तो १९९५ साली पडला, पण तिसऱ्याच कारणाने: कोर्टात कोणता पुरावा चालेल हे ठरवणे न्यायालयाचे काम, विधिमंडळाचे नाही.

वाचकांच्या लक्षात आले असेल की यात अमेरिकेच्या राज्यघटनेचे नाव कुठेच नाही. दिवाणी दाव्यात ज्युरीचा हक्क देणारी सातवी दुरुस्ती राज्यांच्या न्यायालयांना लागू नाही, हे १९१६ सालीच ठरलेले आहे. त्यामुळे ही लढाई पन्नास राज्यांच्या पन्नास घटनांवर चालते, आणि एकाच तऱ्हेचा कायदा एका राज्यात टिकतो, शेजारच्या राज्यात पडतो.

केंटकीच्या निकालामागचे तत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते आर्कान्सामध्ये. हे राज्य आपल्याला दूरचे वाटते, पण बेंटनविलला वॉलमार्टचे मुख्य ठाणे असल्यामुळे संगणकाच्या धंद्यातली आपली अनेक मंडळी तिथे राहून आलेली आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आर्कान्साच्या मतदारांनी २००० साली आपल्या राज्यघटनेला ऐंशीवी दुरुस्ती केली. तिच्या तिसऱ्या कलमात दोन गोष्टी आहेत. न्यायालयांच्या कामकाजाचे नियम राज्याचे सर्वोच्च न्यायालय करील, आणि त्या नियमांनी लोकांचे मूळ हक्क कमी, जास्त किंवा वेगळे होता कामा नयेत. म्हणजे हक्क काय आहेत ते विधिमंडळाने ठरवावे, ते हक्क कोर्टात कसे बजावायचे ते न्यायालयाने. दोन खाती, दोन किल्ल्या.

तीन वर्षांनी, २००३ साली, विधिमंडळाने मोठा सुधारणा कायदा केला. त्यात एक वाक्य असे होते की उपचारांच्या खर्चाच्या पुराव्यात फक्त तीच रक्कम यावी जी प्रत्यक्षात दिली गेली आहे, किंवा जी अजून देणे बाकी आहे आणि जी देण्याची कायदेशीर जबाबदारी कोणावर तरी आहे. थोडक्यात, मोठा आकडा ज्युरीच्या दृष्टीसच पडायचा नाही. आणखी एक कलम होते: दाव्यात जो पक्षकारच नाही अशा त्रयस्थाकडे बोट दाखवून प्रतिवादीने म्हणावे, दोष त्याचा आहे, आणि ज्युरीने त्याच्या नावावरही दोषाचे टक्के मांडावेत.

रॉकवेल ऑटोमेशन कंपनीविरुद्धचा एक दावा तिथल्या फेडरल कोर्टात चालू होता. राज्याच्या घटनेचा प्रश्न असल्यामुळे फेडरल न्यायालयाने तो लिहून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. अशी पद्धत आहे. एप्रिल २००९ मध्ये उत्तर आले. या बाजूचे म्हणणे होते की भरपाई कशाची मिळेल हे सांगणारा कायदा म्हणजे मूळ हक्काचा कायदा, आणि तो विधिमंडळाच्या हातात. न्यायालयाने कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवले. वाक्याची सुरुवातच ‘पुरावा’ या शब्दाने होते. कोणता पुरावा चालेल हे जे सांगते ते कामकाज, आणि कामकाजाची किल्ली आमच्याकडे. दोन्ही कलमे रद्द झाली.

जखमी माणसांच्या वकिलांना अर्थातच आनंद झाला. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला सर्वांत आवडलेला भाग इथून पुढे आहे.

आर्कान्सात एक वेगळा, जुना कायदा होता. जखमी माणसाने सीटबेल्ट लावला नव्हता ही गोष्ट त्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून कोर्टात सांगता येत नसे. हा कायदा जखमी माणसाच्या बाजूचा. डब्ल्यूआयएस इंटरनॅशनल नावाच्या कंपनीविरुद्धच्या एका अपघाताच्या दाव्यात प्रतिवादी कंपनीने तेच अस्त्र उचलले. विधिमंडळाला पुराव्याचे नियम करता येत नाहीत असे तुम्हीच २००९ साली म्हणालात ना? मग हाही पुराव्याचाच नियम आहे. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले आणि सीटबेल्टचा कायदाही रद्द ठरवला. ज्या तत्त्वाने सात वर्षांपूर्वी जखमींचा फायदा झाला होता त्याच तत्त्वाने आता तोटा झाला.

मला हे प्रामाणिकपणाचे वाटते. किल्ली कोणाकडे असावी हा प्रश्न, त्या किल्लीने या खेपेला कोणाची तिजोरी उघडते यापेक्षा वेगळा आहे. अनेक लोकांना, त्यांत सुशिक्षित लोकही आले, निकाल आपल्या बाजूचा लागला की घटना आठवते.

विधिमंडळाने हार मानली नाही. किल्लीच बदलून घ्यायची म्हणून २०१८ साली त्यांनी घटनादुरुस्तीचा एक प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला. त्यात भरपाईच्या मर्यादा होत्या, वकिलांच्या फीची मर्यादा होती, आणि न्यायालयांच्या नियमांवर विधिमंडळाचा अधिकारही होता. एकमेकांशी संबंध नसलेल्या इतक्या गोष्टी एका प्रस्तावात कोंबता येत नाहीत, असा आक्षेप कोर्टात गेला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मतपत्रिका तोवर छापून झाल्या होत्या. प्रस्ताव कागदावर राहिला, त्यावरची मते मोजली गेली नाहीत.

फ्लोरिडात याच प्रश्नाने एक गंमतीदार वळण घेतले. तिथे वाद होता तज्ज्ञांच्या साक्षीचा. जुनी कसोटी १९२३ सालची: एखादे नवे शास्त्रीय तंत्र त्या क्षेत्रात सर्वमान्य झाले आहे का ते पाहायचे. फेडरल कोर्टांनी १९९३ पासून दुसरी कसोटी घेतली, जिच्यात न्यायाधीश द्वारपालासारखा उभा राहून तज्ज्ञाची पद्धत किती भरवशाची आहे ते आधी तपासतो. उद्योगांना ही दुसरी कसोटी अधिक सोयीची वाटते. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २०१३ साली कायदा करून ती आणली. मग एका कर्करोगग्रस्त माणसाचा दावा आला. त्याला अॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग झाला होता. कामावर हाताळलेले गॅस्केट होते, आणि एकोणीसशे पन्नासच्या दशकात केंट सिगारेटच्या फिल्टरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, तेही त्याने ओढलेले होते. ज्युरीने ८० लाख डॉलर दिले. अपील न्यायालयाने नव्या कसोटीवर तज्ज्ञांच्या साक्षी अपुऱ्या ठरवल्या आणि निकाल फिरवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही कसोटी बदलण्याचा विधिमंडळाला अधिकारच नव्हता, आणि ज्युरीचा निकाल पुन्हा उभा केला.

जानेवारी २०१९ मध्ये तिथले तीन न्यायाधीश वयोमर्यादेमुळे निवृत्त झाले आणि नवे गव्हर्नर डिसँटिस यांनी तीन नवे नेमले. मे २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, आपल्या स्वतःच्या अधिकारात, तीच नवी कसोटी लागू केली! विधिमंडळाला जे जमले नाही ते न्यायालयाने सात महिन्यांत करून दिले. म्हणजे अधिकाराचा प्रश्न जिंकला म्हणून मूळ प्रश्न जिंकला असे होत नाही.

सगळीच न्यायालये असे कायदे रद्द करतात असेही नाही. ओहायोत १९९० च्या दशकात दोनदा सुधारणा कायदे पडले. मग २००७ साली, गर्भनिरोधक पट्टीसंबंधीच्या जॉन्सन अँड जॉन्सनविरुद्धच्या खटल्यात, विम्याची माहिती ज्युरीपुढे आणू देणारे नवे कलम टिकले. कारण या खेपेस विधिमंडळाने ते काळजीपूर्वक लिहिले होते. विमा देणाऱ्याला आपले पैसे परत मागण्याचा हक्क असेल तर ती माहिती ज्युरीला सांगायची नाही, आणि सांगितली तर जखमी माणसाला आपण किती हप्ते भरले तेही सांगता येईल. बिलाच्या बाबतीत ओहायोच्या न्यायालयाने २००६ सालीच एक साधा तोडगा काढला होता. एका भाडेकरू बाईंच्या दाव्यात बिल १,९१९ डॉलरचे होते, दिले गेले सुमारे १,३५० डॉलर. न्यायालय म्हणाले, दोन्ही आकडे ज्युरीला दाखवा. योग्य किंमत काय ते ती ठरवील. मला स्वतःला हा तोडगा सर्वांत पटतो. ज्युरीवर विश्वास नसेल तर ती ठेवूच नका, आणि ठेवायची असेल तर तिच्या डोळ्यांवर पट्टी नको.

टेक्सासचा मार्ग वेगळा. तिथल्या २००३ च्या कायद्याचे वाक्य ‘पुरावा’ या शब्दावर नव्हे, ‘भरपाई’ या शब्दावर उभे आहे: प्रत्यक्ष दिलेल्या किंवा देय झालेल्या खर्चापुरतीच भरपाई मिळेल. मेडिकेअरवर असलेल्या एका माणसाचे बिल होते १,१०,०६९ डॉलर, कापाकापी होऊन राहिले २७,७३९. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले, भरपाईच जर धाकट्या आकड्याची मिळणार असेल तर मोठा आकडा ज्युरीला सांगण्यात अर्थ काय? परिणाम आर्कान्साच्या कलमाला जो हवा होता तोच. आमच्या धंद्यात एका स्वल्पविरामाने प्रोग्राम कोसळतो, इथे एका नामाने कायदा.

जॉर्जियाचे विधिमंडळही २०२५ साली याच विषयाकडे परत आले. एप्रिल २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानुसार जखमी माणसाचा विमा असेल तर बिलाचा आकडा आणि ते भागवायला प्रत्यक्ष लागणारा आकडा, दोन्ही ज्युरीपुढे येतात. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून दाखल होणाऱ्या दाव्यांत सीटबेल्ट लावला नव्हता हेही सांगता येते. अटलांटाच्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे. आपले आईवडील इथे येतात, मागच्या सीटवर बसतात. साडी चुरगळते, पोटावर दाब येतो, भारतात मागे कोण लावतो, म्हणून बेल्ट तसाच राहतो. जिवाला धोका हे कारण पहिले आणि पुरेसे आहे. पण धडक दुसऱ्याने दिली असली तरी न लावलेल्या बेल्टचा हिशेब भरपाईत होऊ शकतो, हे त्यांना सांगितले तर कधीकधी जिवापेक्षा पैशाचे कारण लवकर पटते!

आईवडिलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पाहुण्यांसाठी घेतलेल्या विम्यात बऱ्याचदा प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम असते आणि उरलेले बिल तसेच लटकते. मग ‘प्रत्यक्ष दिलेला आकडा’ अस्तित्वातच नसतो. फ्लोरिडाच्या मार्च २०२३ च्या कायद्यात यावर तोड अशी आहे की जखमी माणसाला आरोग्यविमा नसेल तर न भरलेल्या बिलासाठी मेडिकेअरच्या दराच्या १२० टक्के हा आकडा ज्युरीपुढे येतो, मग त्या माणसाचा मेडिकेअरशी काडीचाही संबंध नसो. समजा इस्पितळाने ८० हजार लावले आणि मेडिकेअरचा दर २० हजार आहे. ज्युरीपुढे २४ हजार हा आकडा येणार आणि विरुद्ध बाजूचा वकील तोच धरून बसणार. इस्पितळ मात्र ८० हजारच मागत असते. म्हणून अशा वेळी इस्पितळाशी घासाघीस आधी करावी, तपशीलवार बिल मागावे, आणि घाईने क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम भरू नये. त्याच कायद्याने निष्काळजीपणाचा दावा लावण्याची मुदत चार वर्षांवरून दोन केली आहे. आईवडील परत गेले, विषय मागे पडला, असे होऊ देऊ नये.

न्यू जर्सीत आपली वस्ती मोठी, म्हणून तिथले एक उदाहरण. गाडीच्या विम्यात स्वतःच्या उपचारांसाठी ‘पीआयपी’ नावाचा भाग असतो. नेहमीची रक्कम अडीच लाख डॉलर, पण हप्ता वाचवण्यासाठी ती १५ हजारांपर्यंत खाली आणता येते. गाडीच्या विम्यातून मिळालेल्या किंवा मिळू शकणाऱ्या रकमेचा पुरावा कोर्टात चालत नाही असे तिथल्या कायद्यात आहे. ज्यांनी १५ हजारांचा पर्याय घेतला आणि बिल त्याच्या वर गेले त्यांचे काय? मार्च २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंतच्या खर्चाचा पुरावाही चालणार नाही. म्हणजे तो खर्च ना विमा देणार, ना धडक देणारा. लोकांत बोंब झाली आणि १ ऑगस्ट २०१९ रोजी कायदा बदलून तो खर्च मागण्याची वाट मोकळी केली गेली. मधल्या चार महिन्यांत ज्यांची प्रकरणे उभी होती त्यांची अवस्था काय झाली असेल? कायदा बदलला असला तरी माझा सल्ला आहे की आपल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर पीआयपीचा आकडा आजच पाहावा. तो १५ हजार असेल तर वाढवून किती जास्त पडतात ते एजंटला विचारावे.

आणि शेवटची गोष्ट, जी नोकरदारांना सर्वांत लागू आहे. ज्युरीने कोणताही आकडा धरला, तरी मिळालेले पैसे सगळे आपले असतात असे नाही. आपला आरोग्यविमा ‘मी उपचारांचे भरले होते, ते परत द्या’ म्हणून दारात उभा राहतो. अनेक राज्यांनी याला आळा घालणारे कायदे केले आहेत. पण मोठ्या कंपन्या बहुधा स्वतःच्या पैशाने योजना चालवतात. विमा कंपनीचे नाव कार्डावर असते, पैसे कंपनीचे असतात. अशा योजनांना राज्यांचे हे कायदे लागू होत नाहीत, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९० साली सांगितले. यूएस एअरवेजच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात योजनेने उपचारांवर ६६,८६६ डॉलर खर्च केले होते. त्याला तडजोडीत मिळाले १,१०,०००. वकिलाची ४० टक्के फी गेल्यावर हातात राहिले ६६,०००. योजनेने पूर्ण ६६,८६६ मागितले! २०१३ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले की योजनेच्या कागदात जे लिहिले आहे ते चालेल. न्यायबुद्धीला ते कसे वाटते हा प्रश्न नाही. मात्र वकिलाच्या फीबद्दल कागद गप्प असेल, तर ती फी योजनेनेही आपल्या वाट्याने सोसावी.

म्हणून तो कागद मागून घ्यावा. कंपनी वाटते ते चकचकीत माहितीपत्रक नव्हे. ‘प्लॅन डॉक्युमेंट’ आणि त्याचा अधिकृत सारांश. १९७४ च्या फेडरल कायद्यानुसार सभासदाने लेखी मागणी केली की योजनेच्या व्यवस्थापकाने तीस दिवसांत ते द्यायचे असतात, आणि न दिल्यास न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकते. त्यात ‘सब्रोगेशन’ आणि ‘रीइम्बर्समेंट’ या शब्दांची कलमे शोधावीत, आणि तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती आपल्या वकिलाला दाखवावीत.